नव्या विभागप्रमुखास सल्ला

तुम्ही नुकतेच विभागप्रमुख झाला आहात, म्हणून सुचवतो: बैठकीत अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्यालाच हुशार समजण्याची घाई करू नका. एका ठळक गुणावरून माणसाचे बाकीचे गुणही आपण परस्पर ठरवून टाकतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी केलेली मूल्यमापने तपासून १९२० मध्येच दाखवून दिले होते. त्याऐवजी काम अडले की सहकारी कोणाच्या टेबलाशी जातात आणि कोण रजेवर असले की हिशेब जुळत नाही, याची नोंद वर्षभर ठेवा. मार्चअखेरीस कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाचा फॉर्म भरताना शेवटचे दोन महिनेच आठवतात, तेव्हा ती वही कामी येते. सायंकाळी उशिराच्या चर्चेत कसारा किंवा विरार लोकल गाठणारी माणसे नसतात, म्हणून महत्त्वाच्या बैठका दुपारी घ्या. (निम्मे निर्णय चहाच्या टपरीवर होतात, तो भाग वेगळा.) त्या नोंदींतून असे कामाचे कोणी सापडले, तर नुसती शाबासकी आणि जास्तीचे काम देऊ नका, एखादे छोटे काम पूर्ण अधिकारासह सोपवा, अहवालावर त्यांचेच नाव राहू द्या आणि वरिष्ठांसमोर मराठीत किंवा हिंदीत मांडणी करण्याची मुभा मिळवून द्या. बढतीची शिफारस मात्र लेखी करा, कारण तुमची बदली झाली की तोंडी शब्दाला कोणी विचारत नाही.