भाऊ गेल्यापासून वारकरी वडिलांनी तुळशीची माळ काढून ठेवली आहे. त्यांना काय सांगू?

माळ पुन्हा घाला, असा आग्रह सध्या तरी नको. इतकी वर्षं वारी केलेल्या माणसाने ती काढताना काय सोसलं असेल! 'देवाची इच्छा', 'चांगल्या माणसांना तो लवकर नेतो', 'मागच्या जन्मीचं काही असेल' ही वाक्यं तर घरात येणाऱ्या पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. लेक गमावलेल्या बापाला ती फार लागतात.

त्यापेक्षा तुकोबांची आठवण काढा. 1630 च्या सुमारास पडलेल्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. त्यांच्या गाथेत देवाशी कडाकडा भांडण आहे. आपल्या लेखी देव मेला, असं सरळ म्हणणारा अभंगसुद्धा आहे. जनाबाईंनीही विठोबाला शिव्या घातल्यात. वारकऱ्यांनी हे सगळं जपून ठेवलंय. त्यामुळे "बाबा, तुम्ही रागावलात यात पाप नाही" हे तुम्ही अगदी मनापासून म्हणू शकता, आणि ते त्यांना कळेल.

बाकी बोलणं कमीच ठेवा. संध्याकाळी, हरिपाठाच्या वेळी त्यांना घर खायला उठत असेल. तेव्हा शेजारी बसा. भावाचं नाव टाळू नका, त्याच्या गोष्टी काढा.

मात्र जेवणझोप सुटली असेल, 'आता जगून काय करू' असं ते म्हणत असतील, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

माळ ठेवलीय तिथेच राहू द्या.