'हे अंशतः खरे आहे' म्हणजे नेमकं काय?

(आमदार-खासदारांच्या लेखी प्रश्नांविषयी आलेली चार पत्रं या अंकात घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या लेखिका मंत्रालयातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)

प्रश्न : आमच्या गावच्या पाणीपुरवठा योजनेचं काम तीन वर्षं रखडलं आहे. आमदारांनी विधानसभेत लेखी प्रश्न टाकला. छापील उत्तराचा फोटो त्यांनी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पहिल्याच ओळीत 'हे अंशतः खरे आहे', मधे दोन ओळी आणि शेवटी 'प्रश्न उद्भवत नाही'. गावात बायका हंडे घेऊन दीड कोस चालतात आणि सरकार म्हणतं प्रश्न उद्भवत नाही. मग असले प्रश्न विचारून उपयोग काय?
— एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'प्रश्न उद्भवत नाही' हे शब्द मी स्वतः नोकरीत शेकडो वेळा लिहिले आहेत, त्यामुळे ते कुठून येतात ते आधी सांगते.

आपल्याकडच्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी सुरुवात. मग भाग एक, अमुक गोष्ट निदर्शनास आली, हे खरे आहे काय. भाग दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. भाग तीन, असल्यास, त्यात काय आढळले व कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. आणि भाग चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. खात्याने तिसऱ्या भागात काहीतरी कार्यवाही दाखवली, अगदी 'संबंधितांना पत्र देण्यात आले आहे' एवढीच, की चौथ्या भागातलं 'नसल्यास' आपोआप गळून पडतं. म्हणून 'प्रश्न उद्भवत नाही'. तो शेरा तुमच्या हंड्यांवर मारलेला नसतो, तो 'नसल्यास' या शब्दावर असतो. पण वाचणाऱ्याच्या जिव्हारी लागतो, आणि लागायलाच हवा. तिसऱ्या भागातलं ते पत्र म्हणजे काम नव्हे, हे तिथे कुणीतरी विचारायला पाहिजे होतं.

आता 'अंशतः'. हे उत्तर आलं की मी तरी खूश व्हायचे, कारण सरकारने काहीतरी कबूल केलेलं असतं. कोणता अंश खरा आणि कोणता खोटा, हे पुढच्या दोन ओळींत शोधायचं. तुमच्या उत्तरात त्या दोन ओळी काय आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. त्या पुन्हा वाचा. 'जलकुंभाचे काम पूर्ण झाले असून वितरण व्यवस्थेचे काम प्रगतीपथावर आहे' असं काही असेल, तर टाकी उभी आहे पण नळाची लाइन टाकलेली नाही, हे मंत्र्यांच्या नावाने छापून आलेलं आहे. असा कागद तुम्हाला एरवी कुणी दिला नसता.

एक प्रसंग सांगते. एका आश्रमशाळेबद्दल प्रश्न आला होता. मुलींना थंडीत गार पाण्याने आंघोळ करावी लागते, सौर बंब बंद आहेत, हे खरे आहे काय. प्रश्न आला की तो जिल्ह्याला पाठवायचा, तिथून अहवाल मागवायचा, त्यावर उत्तराचा मसुदा करायचा, मग उपसचिव, सचिव आणि शेवटी मंत्र्यांची सही. अहवाल आला, 'शाळेत सौर संयंत्र बसविण्यात आले आहे.' कागद अगदी व्यवस्थित होता, सही होती, शिक्का होता. मसुद्यात 'हे खरे नाही' लिहून मोकळं व्हायला काहीच हरकत नव्हती. पण प्रश्न होता बंब चालतात का, आणि उत्तर होतं बसवले आहेत. मी शाळेत फोन लावला. अधीक्षिका म्हणाल्या, 'बाई, बसवलेत हो गच्चीवर. पण टाकीला पाइपच जोडलेला नाही.' मसुदा बदलला. 'हे खरे आहे' असं लिहिलं आणि साहेबांसमोर फाइल धरली. त्यांनी वर पाहिलं, परत कागदाकडे पाहिलं आणि सही केली. सभागृहात ते उत्तर छापून यायच्या आत पाइप जोडला गेला होता.

तो पाइप जोडला गेला, कारण मंत्र्याला सभागृहात चुकीचं उत्तर देता येत नाही. दिलं तर सभागृहापुढे येऊन दुरुस्ती करावी लागते, जाणूनबुजून दिशाभूल केली असं दिसलं तर हक्कभंगाची, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकारांचा भंग झाल्याची, सूचना येऊ शकते. या भीतीनेच खालपासून वरपर्यंत फाइल हलते. जी चौकशी वर्षभर कुणी करत नाही ती प्रश्न आला की आठवड्यात होते. पण त्यासाठी प्रश्न नेमका हवा. मोघम प्रश्नाला मोघम अहवाल येतो, आणि प्रत्येक टेबलावर फोन लावणारं माणूस बसलेलं असतंच असं नाही. मीही प्रत्येक वेळी लावला नाही. अधिवेशनाच्या दिवसांत एकेका कक्षात प्रश्नांचा ढीग असतो. नागपूरला डिसेंबरातल्या अधिवेशनात रात्री साडेदहाला १६० गाळ्यांत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाच्या जागी, परत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या उपप्रश्नांसाठीच्या पूरक टिपण्या वाचत बसायचे आणि एखाद्या अहवालाकडे नीट बघायचं राहून गेलं हे पहाटे आठवायचं. ते अजूनही आठवतं.

तेव्हा आमदारांना पुढच्या अधिवेशनासाठी असा प्रश्न लिहून द्या : कार्यारंभ आदेश कोणत्या तारखेला दिला, कामाची मुदत कधी संपली, मुदतवाढ किती वेळा आणि कोणत्या कारणाने दिली, ठेकेदाराला आजवर किती रकमेची देयके अदा केली, विलंबासाठी किती दंड आकारला आणि त्यातला किती वसूल केला. इथे 'अंशतः' म्हणायला जागाच राहत नाही. तारीख म्हणजे तारीख, रक्कम म्हणजे रक्कम.

अजून एक बारीक गोष्ट. घटनेची तारीख लिहिताना पुढे 'वा त्यादरम्यान' हे शब्द घाला. छापील याद्यांत ते सारखे दिसतात, लोकांना वाटतं सरकारी भाषेचा फापटपसारा आहे. तो नाही. तुम्ही १२ जून लिहिलंत आणि घटना ११ जूनची असली, तर 'हे खरे नाही' असं उत्तर देता येतं आणि ते खोटंही ठरत नाही.

प्रश्न : मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर आणि अतारांकितला लेखी, एवढं पुस्तकात आहे. सरांचं म्हणणं, खरी लढाई तारांकितमध्येच होते, लेखी उत्तरं कुणी वाचत नाही. तुमचा अनुभव काय?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : तारांकितमध्ये उपप्रश्न विचारता येतात, मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं. अधिकारी गॅलरीत बसून आम्ही चिठ्ठ्या पाठवायचो, त्यामुळे तिथला ताण मला चांगला माहीत आहे. सरांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर. पण आकडे बघ. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न असतात आणि २३० अतारांकित. राज्यसभेत १५ आणि १६०. त्या २० मधले तासाभरात प्रत्यक्ष मोजकेच पुकारले जातात, उरलेल्यांचीही लेखी उत्तरंच पटलावर जातात. म्हणजे सरकारकडून जी माहिती बाहेर येते तिचा फार मोठा भाग लेखीच असतो. आपल्या विधानसभेत तर तारांकित प्रश्नाचंही उत्तर यादीत छापलेलं असतं.

२०२० चं पावसाळी अधिवेशन आठव. कोरोनामुळे संसदेत प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला, लेखी प्रश्न तेवढे ठेवले. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला, असं लोकसभेत विचारलं गेलं. कामगार मंत्रालयाचं लेखी उत्तर आलं की अशी आकडेवारी ठेवलेली नाही. एवढंसं उत्तर, पण देशभर त्यावर चर्चा झाली. आमच्या मुंबईतून, पुण्यातून, भिवंडीतून माणसं चालत निघाली होती, रस्त्यात मेली होती, आणि त्यांची मोजदाद सरकारकडे नाही हे सरकारनेच लिहून दिलं. आकडा मिळाला नाही. पण आकडा ठेवलेला नाही, ही कबुली कायमची नोंदली गेली.

आणि लढाईच म्हणशील तर मुंद्रा प्रकरण मुळापासून वाच. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत. पुढच्याच वर्षी महामंडळाने उद्योगपती हरिदास मुंद्रा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटीच्या आसपासचे शेअर घेतले. सप्टेंबर १९५७ मध्ये लोकसभेत राम सुभग सिंह यांनी त्याबद्दल प्रश्न विचारला. पहिल्या उत्तरातून पूर्ण चित्र काही मिळालं नाही. पण एकदा उत्तर नोंदलं गेलं की पुढचा माणूस तेच उत्तर हातात धरून उभा राहू शकतो. १६ डिसेंबरला फिरोज गांधी बोलायला उठले ते कागदपत्रांसह. ते सत्ताधारी पक्षाचे होते, पंतप्रधानांचे जावई होते. न्यायमूर्ती छागला यांचा आयोग नेमला गेला, मुंबईत जाहीर सुनावणी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सगळ्याचं मूळ एका प्रश्नात होतं.

लेखी उत्तरं कुणी वाचत नाही, हे मात्र बरंचसं खरं आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तू वाच. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या असतात. तुझ्या जिल्ह्याचं नाव शोध आणि एकाच विषयावरची तीन-चार अधिवेशनांची उत्तरं शेजारी शेजारी ठेव. एका वर्षी 'काम प्रगतीपथावर आहे', पुढच्या वर्षीही 'प्रगतीपथावर आहे', असं दिसलं की तुझ्या प्रबंधाचा विषय तुला मिळाला.

प्रश्न : पैसे घेऊन प्रश्न विचारतात, असं आम्ही ऐकतो. बिल्डरच्या नाहीतर ठेकेदाराच्या सांगण्यावरून दुसऱ्याला अडवायला प्रश्न टाकतात. मग या आयुधाचं पावित्र्य ते काय राहिलं?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : ऐकीव नाही, सिद्ध झालेलं आहे. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेतल्यावरून ११ खासदारांची हकालपट्टी झाली, १० लोकसभेचे आणि एक राज्यसभेचे. त्याच्याही आधी, १९५१ मध्ये, मुंबईचेच खासदार एच. जी. मुदगल. बॉम्बे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन संसदेत त्यांच्या सोयीचे प्रश्न विचारल्याचं चौकशीत निघालं. हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला, आपल्याच पक्षाच्या सदस्याविरुद्ध. तो मंजूर होण्याआधीच मुदगल यांनी राजीनामा दिला.

पण माझं एक प्रांजळ मत आहे. कुणाच्या का सांगण्यावरून असेना, प्रश्नातली गोष्ट खरी असेल तर खात्याला ती तपासावीच लागते. हेतू वाईट होता म्हणून रस्त्यावरचा खड्डा बुजत नाही. आमच्या टेबलावर प्रश्न यायचा तेव्हा कुणी विचारला यापेक्षा काय विचारला तेच आम्ही पाहायचं, असं मला माझ्या पहिल्या साहेबांनी शिकवलं. खरी मेख निराळीच आहे. प्रश्न दाखल होतो, दडपण येतं, काहीतरी मिटतं आणि मग तोच सदस्य त्याचा पाठपुरावा सोडतो. ते ओळखायचं असेल तर उत्तर आल्यावर सदस्याने पुढे काय केलं ते बघा. लक्षवेधी (मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) दिली का, उत्तरावर अर्धा तास चर्चा मागितली का, की एकदम गप्प झाला.

प्रश्न : सामान्य माणूस थेट प्रश्न पाठवू शकतो का? आणि मंत्र्यांनी 'करू' म्हटलं आणि केलं नाही तर?
— एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : थेट नाही, सदस्यामार्फतच. पण विधानसभेचे २८८ आणि परिषदेचे ७८ आमदार आहेत. तुमच्या मतदारसंघाचा आमदार ऐकत नसेल तर परिषदेतल्या सदस्याला लिहा, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य असतात. पत्र एका पानाचं ठेवा. सोबत कागदाची एक तरी प्रत जोडा, ग्रामसभेचा ठराव, माहिती अधिकारात मिळालेलं उत्तर, नाहीतर फोटो. अधिवेशन सुरू झाल्यावर पाठवू नका, तोवर मुदत गेलेली असते. कामकाजाच्या तारखा जाहीर व्हायची वाट न बघता आधीच द्या.

मंत्र्यांनी सभागृहात 'करू', 'तपासून पाहू', 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं म्हटलं तर ते आश्वासन धरलं जातं. त्यासाठी आश्वासन समिती असते. लोकसभेत ती १९५३ पासून आहे, तिथे आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं. आपल्या विधिमंडळातही समिती आहे, ती खात्याच्या सचिवांना साक्षीला बोलावते. आमदारांना विचारा, 'त्या उत्तराची आश्वासन म्हणून नोंद झाली का?' एवढंच विचारा. ज्याला उत्तर माहीत नसेल तो शोधायला जाईल.

सोलापूरच्या वाचकांना एक विनंती. त्या उत्तराचा फोटो या पत्त्यावर पाठवा, गावाचं नाव झाकलंत तरी चालेल. मधल्या दोन ओळी मला बघायच्या आहेत. पुढचा प्रश्न आपण दोघं मिळून लिहू.