गर्भाशयाबाहेरची गाठ

प्रश्न : वय ४१. सहा वर्षांपूर्वी दुर्बिणीतून फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ) काढला होता. आता सोनोग्राफीत गर्भाशयाच्या उजवीकडे ६ सेंमीची घट्ट गाठ दिसते. ‘अंडाशयाची गाठ किंवा गर्भाशयाबाहेरचा फायब्रॉइड’ असा रिपोर्ट आहे. रक्तातलं सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत पाहतात ते) ४८ आलंय. कॅन्सर असेल का? औषधाने गाठ विरघळेल का?

उत्तर : ४८ या आकड्याने घाबरू नका. ३५ पर्यंत नॉर्मल धरतात, पण साध्या फायब्रॉइडमध्ये, एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढणं), अगदी पाळी सुरू असतानाही हे वाढतं. रक्त पाळीच्या दिवसांत दिलं होतं का, ते डॉक्टरांना सांगा. मात्र नुसत्या या आकड्यावरून गाठ साधी आहे की नाही, हे ठरत नाही.

आता कॉन्ट्रास्टसह एमआरआय करा. उजवं अंडाशय गाठीपासून वेगळं दिसतं का, हे रेडिओलॉजिस्टना मुद्दाम विचारा. फायब्रॉइड टी-२ (एमआरआयचा एक प्रकार) चित्रांत काळपट दिसतो. पण अंडाशयाचा फायब्रोमा (तंतुमय साधी गाठ) हाही तसाच दिसतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबता येत नाही. गाठीला रक्त कुठून येतं, हेही पाहावं लागतं. गर्भाशयाकडून वाहिन्या येत असतील तर ती तिथूनच बाहेर वाढलेली असण्याची शक्यता जास्त. अंडाशयाची शंका मिटेपर्यंत सुईने तपासणी करू नये. गाठ कॅन्सरची निघाली तर पेशी पोटात सांडू शकतात.

जुन्या ऑपरेशनची नोट मिळवाच. गाठीचे तुकडे मॉर्सेलेटरने (गाठ कापून बारीक करणारं यंत्र) केले होते का आणि ते पोटात घातलेल्या बंद प्लास्टिक पिशवीत केले होते का, हे त्यात पाहा. उघड्यावर तुकडे करताना कण मागे राहिले तर ते पोटातल्या आवरणावर रुजून तिथूनच रक्त मिळवतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी संस्था) २०१४ मध्ये, मुख्यतः लपलेल्या कॅन्सरच्या धोक्यामुळे, या यंत्राबाबत इशारा दिला होता. जुना पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि स्लाइड्सही जपून ठेवा, त्या पुन्हा तपासून घेता येतात.

औषधाने गाठ विरघळत नाही. ल्युप्रोलाइड या, इस्ट्रोजेन कमी करणाऱ्या औषधाच्या महिन्याला एक, ३.७५ मिग्रॅच्या इंजेक्शनने ती आक्रसते. बंद केल्यावर बहुधा पुन्हा वाढते आणि दीर्घकाळ घेतल्यास हाडं ठिसूळ होतात. गाठ छोटी, त्रास नाही आणि निदान पक्कं असेल तर ठरावीक काळाने सोनोग्राफी करत थांबता येतं. निदान अनिश्चित असेल किंवा गाठ वाढत असेल तर काढलेली बरी.

गाठ गर्भाशयाच्या बाजूच्या पडद्यात असली तर खरी जोखीम मूत्रवाहिनीची असते. गाठ तिला जागेवरून ढकलते आणि नेहमीच्या ठिकाणी ती सापडत नाही. म्हणून आधी किडनीची सोनोग्राफी करून सूज आहे का ते बघतात. सर्जनने मूत्रवाहिनी शोधून मगच, गाठीच्या आवरणाच्या आतून, गाठ सोडवावी आणि तशाच बंद पिशवीत घालून बाहेर काढावी.

काढलेल्या गाठीच्या रिपोर्टमध्ये पेशींचं विभाजन, विकृती आणि नेक्रोसिस (मेलेला भाग) यांचा उल्लेख हवा. गाठ आतड्याला किंवा त्याच्या पडद्याला चिकटलेली निघाली तर सीडी-११७ आणि डॉग-१ या, पेशींवरच्या खुणा ओळखणाऱ्या चाचण्याही सांगा, कारण आतड्याची जिस्ट नावाची गाठ हुबेहूब अशीच दिसू शकते आणि तिचे उपचार निराळे असतात.

कुशीत तीव्र कळ, लघवी अडकणं किंवा ताप आला, तर एमआरआयच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.