फ्लायव्हील हलकं करून घसरणारा क्लच थांबत नाही

प्रश्न : नमस्कार काका. माझ्याकडे 2012 ची स्कोडा लॉरा आरएस आहे, सहा गिअरची मॅन्युअल. गाडी 92 हजार किलोमीटर चालली आहे आणि क्लच अजून कंपनीतलाच आहे. मे महिन्यात इंजिन रिमॅप करून घेतलं, म्हणजे ताकद वाढवायला त्याच्या संगणकातला प्रोग्राम बदलून घेतला. डायनोच्या (ताकद मोजण्याच्या यंत्राच्या) कागदावर 345 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, आला. तेव्हापासून पुण्याहून घरी येताना खंबाटकीच्या चढाला चौथ्या-पाचव्या गिअरात पाय दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो, पण गाडी त्या मानाने पळत नाही. एक मित्र म्हणतो, सहा पकची (घासणाऱ्या तुकड्यांची) सिरॅमिक क्लच प्लेट टाक, आयुष्यभराचा प्रश्न मिटला. आमच्या इथले टर्नर म्हणतात, फ्लायव्हील (इंजिन आणि क्लचमधलं जड चाक) लेथवर घेऊन तीन-चार किलो उतरवून देतो, पिकअप वाढेल आणि क्लचवरचा ताणही कमी होईल. गाडी रोज ऑफिसला नेतो, बायकोही चालवते. काय करावं? – एक वाचक, सातारा

उत्तर : आधी त्या टर्नरना थांबवा. बाकीचं पत्र मी नंतर वाचलं, पहिली काळजी तीच वाटली.

गॅरेज काढण्याआधी नऊ वर्षं मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपला फ्लायव्हीलच टर्न करत होतो. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग पहिल्या कटला आरशासारखं दिसायचं. दुसऱ्या कटला कधी कधी मोहरीएवढं भोक उघडं पडायचं, आत अडकलेल्या हवेचं. आमचे सुपरवायझर त्यावर खडूने फुली मारायचे आणि तो नग परत भट्टीला जायचा, मग त्यावर कितीही मेहनत झालेली असो. तो नग चालवून पाहू, असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही. कारण सोपं आहे. तुमचं इंजिन 6500 आरपीएमला असताना 28 सेंटिमीटर व्यासाच्या चाकाची कड सेकंदाला जवळजवळ 95 मीटर वेगाने फिरते, म्हणजे ताशी 340 किलोमीटर. आरपीएम दुप्पट झाले की चाक फाडू पाहणारा जोर चौपट होतो. ओतीव लोखंड ताण सोसण्यात मुळात कच्चं असतं. त्यातून नेमकं कुठून किती काढायचं याचा हिशेब नसताना तीन-चार किलो उतरवणं म्हणजे पायाजवळ बॉम्ब बांधून फिरणं. फ्लायव्हील फुटलं तर त्याचे तुकडे ॲल्युमिनियमच्या बेल हाउसिंगला (भोवतीच्या कवचाला) जुमानत नाहीत, आणि त्याच्या मागेच गाडीत बसणाऱ्यांचे पाय असतात.

तुमच्या गाडीत तर एकसंध फ्लायव्हीलच नाही. तिथे ड्युअल मास आहे. दोन चकत्या, आणि त्यांच्यामध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा. इंजिनाचे झटके त्या स्प्रिंगा गिळतात आणि गिअरबॉक्सकडे शांत फिरणं पोचतं. हे लेथवर धरून हलकं करायची वस्तूच नाही.

शिवाय क्लच घसरण्याचा फ्लायव्हीलच्या वजनाशी संबंध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला प्रकार झाला. प्लेट किती टॉर्क धरते हे चार गोष्टींवर ठरतं : प्रेशर प्लेटचा दाब, अस्तराचं घर्षण, प्लेटची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू, ज्या नेहमी दोन असतात. समजण्यापुरता हिशेब मांडतो. दाब 6000 न्यूटन, घर्षणांक 0.3, त्रिज्या साडेनऊ सेंटिमीटर. सगळ्यांचा गुणाकार करून दोनने गुणलं की 342 न्यूटन मीटर येतात. तुमच्या गाडीला कंपनीने 250 न्यूटन मीटरचं इंजिन दिलं होतं, त्याला एवढा क्लच पुरून उरतो. आता तुम्ही 345 वर आलात. नव्या कोऱ्या क्लचची शिल्लकच तिथे संपते, तर 92 हजार किलोमीटर झिजलेल्याची काय कथा! क्लचने तुम्हाला दगा दिलेला नाही. त्याच्याकडून जेवढं मागायचं ठरलं होतं तेवढं त्याने इमानाने दिलं.

घाटातच का घसरतो, तेही सांगतो. टर्बो भरतो तो अडीच-तीन हजार आरपीएमला, आणि टॉर्कचा डोंगर तिथेच असतो. वरच्या गिअरात, चढावर, त्या आरपीएमला गाडी पुढे जायला नकार देत असते आणि इंजिन पूर्ण जोर लावत असतं. म्हणून क्लच घेताना पीएस (इंजिनाची अश्वशक्ती) किती हे विचारू नका, न्यूटन मीटर विचारा. तुम्हाला 400 ते 450 धरणारा क्लच पुरे.

आता सिरॅमिक. तुमच्या मित्राचा हेतू चांगला आहे, पण तो सल्ला शर्यतीच्या गाडीला शोभतो. सहा तुकड्यांची प्लेट धरते घट्ट, मात्र मधलं हाफ क्लच तिला जमत नाही. एकतर सुटलेली, नाहीतर पकडलेली. पोवई नाक्यावर संध्याकाळी सातला, पुढे रिक्षा आणि मागे एसटी असताना, तुमच्या घरच्यांना गाडी इंच इंच पुढे घ्यावी लागेल तेव्हा ती हिसके देईल. तो प्रत्येक हिसका गिअर, डिफरन्शिअल आणि ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट सोसतात. तुमच्यासाठी माझं उत्तर स्पष्ट आहे : जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि चांगल्या प्रतीची पूर्ण गोल ऑरगॅनिक प्लेट, म्हणजे नेहमीच्या गाड्यांत असते त्या अस्तराची. वरच्या हिशेबात दाब 20 टक्के वाढवला की 342 चे 410 होतात, आणि पाय उचलताना क्लच ओळखीचाच वाटतो. केव्हलारचं अस्तर खूप टिकतं, पण एकदा जाळून त्यावर चकाकी आली की ते पूर्वीसारखं होत नाही. रोज ट्रॅफिकमध्ये चालवणाऱ्याला मी ते देत नाही.

दाब वाढला की पेडल थोडं जड होणार, हे घरी आधीच सांगून ठेवा. आणि सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये घ्यायची सवय दोघांनीही लावून घ्या. पेडल दाबून धरलेलं असतं तेवढा वेळ तो वाढीव दाब क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) पुढे ढकलत असतो आणि त्याला जागेवर धरणारं थ्रस्ट बेअरिंग झिजवतो. क्लच बदलणं गिअरबॉक्स उतरवून होतं, थ्रस्ट बेअरिंगसाठी इंजिन खोलावं लागतं.

फ्लायव्हीलचं काय? गिअरबॉक्स खाली आला की ड्युअल मास हाताने दोन्ही बाजूंना फिरवून बघायला सांगा. थोडा खेळ (ढिलेपणा) असतो, तो असायलाच हवा. किती अंशांपर्यंत चालतो ते बनवणारा छापतो, त्याच्याशी ताडून पाहा. चकती डगमगत असेल, ग्रीस बाहेर आलं असेल किंवा पृष्ठभागावर निळे-काळे डाग आणि केसासारख्या भेगा असतील तर नवीन ड्युअल मासच घाला. महाग आहे, मान्य. तुमच्या वापराला तेच योग्य आहे.

हलक्या सिंगल मासचा, म्हणजे स्प्रिंगा नसलेल्या एकसंध फ्लायव्हीलचा, मोह मला समजतो, कारण फरक खरा आहे. ढोबळ गणित सांगतो. पाचेक किलो वजन कमी झालं तर पहिल्या गिअरात गाडी जणू 70 किलोने हलकी होते, एक माणूस उतरल्यासारखी. सहाव्या गिअरात मात्र तोच फायदा दोन-तीन किलोंवर येतो. खंबाटकीत पाचव्या गिअरात तुम्हाला तो जाणवणारही नाही. बदल्यात न्यूट्रलमध्ये खडखड आणि उठताना इंजिन बंद पडण्याची धास्ती. तरी सिंगल मास घ्यायचंच ठरलं तर एकसंध पोलादी बिलेटचं (ठोकळ्यातून कातलेलं) घ्या, आणि त्याबरोबर प्लेट मध्ये स्प्रिंगा असलेलीच हवी. ड्युअल मासबरोबर येणारी प्लेट बहुतेक वेळा मध्ये घट्ट असते, कारण झटके फ्लायव्हील गिळतं. ती घट्ट प्लेट सिंगल मासवर बसवली तर सगळे झटके थेट गिअरबॉक्सला. ही चूक मी दुरुस्तीला आलेल्या गाड्यांत तीनदा पाहिली आहे.

माझी स्वतःची चूकही सांगतो, म्हणजे तुमचा खर्च वाचेल. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या टर्बो गाडीला नवा क्लच घातला. मागचं क्रँक ऑईल सील कोरडं दिसलं म्हणून तसंच ठेवलं. तीन आठवड्यांनी गाडी परत आली, क्लच घसरत होता. गिअरबॉक्स उतरवला तर नव्या प्लेटवर चहाच्या बशीएवढा तेलाचा डाग. चूक माझी होती, दुसरी प्लेट माझ्या पैशाने घातली. तेव्हापासून क्लचबरोबर सील, रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) आणि फ्लायव्हीलचे बोल्ट नवेच. ते बोल्ट टॉर्क पान्याने आणि मग अंशांत ताणून बसवायचे असतात, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा जोर क्लचपर्यंत पोचवणारा) गिअरबॉक्सच्या आत असेल तर तोही बदला. प्रेशर प्लेटचे बोल्ट आमनेसामने, थोडे थोडे आवळायचे. आणि बसवणाऱ्याने प्लेटला ग्रीसचा हात लावू नये, हे तिथे उभं राहून बघा. नव्या प्रेशर प्लेटवर गंजू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसला पाहिजे.

नंतरचे 800 किलोमीटर शहरातले मोजा, हायवेचे नाही. अस्तर बसतं ते गाडी उचलताना आणि गिअर बदलताना. तोवर फुल थ्रॉटल नको. शक्य असेल तर ट्यूनरला सांगून एवढे दिवस गाडी मूळ मॅपवर ठेवा. आणि गाडी रिमॅप केली आहे हे विमा कंपनीला लेखी कळवलं नसेल तर याच आठवड्यात कळवा.

प्रश्न : माझ्या टर्बो हॅचबॅकला सिंगल मास फ्लायव्हील बसवलं. आता न्यूट्रलमध्ये उभी असताना डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलं, खोलावा लागेल. – एक वाचक, नाशिक

उत्तर : खोलू देण्याआधी दोन मिनिटं द्या. गाडी गरम असताना न्यूट्रलमध्ये उभी करा आणि क्लच सावकाश दाबा. आवाज पूर्ण थांबला आणि पेडल सोडल्यावर तस्साच परत आला, तर ती बहुधा गिअरांच्या दातांची खडखड आहे. क्लच दाबला की इनपुट शाफ्ट (इंजिनाचं फिरणं गिअरबॉक्सात नेणारा दांडा) थांबतो, म्हणून आवाजही थांबतो. गाडी चालवताना, विशेषतः वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर नसेल, तर गिअरबॉक्सला हात लावू नका. त्यात योग्य ग्रेडचं नवं तेल घाला, आवाज थोडा कमी होईल, पूर्ण जाणार नाही. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग बघा. आणि दाबलेलं असो की सोडलेलं, चालत्या गाडीत घरघर येतच असेल तर तुमचा मेकॅनिक बरोबर आहे, त्याला गिअरबॉक्स खोलू द्या.