मुलगी दोन वर्षांची, अँटिबायोटिक्स फारशी कधी दिली नाहीत, तरी लघवीच्या कल्चरमध्ये ईएसबीएल ई. कोलाय कसा आला?

ताई, मी मिरजेत एका लॅबला कल्चरच्या टेबलावर असतो, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून ओळखायचं काम. औषध कुठलं द्यायचं ते तुमच्या डॉक्टरांवर सोडा, जंतू येतो कुठनं तेवढं सांगतो.

मुलीला औषधं जास्त झाली म्हणूनच असला जंतू येतो असं काय नसतंय. ई. कोलाय सगळ्यांच्याच आतड्यात असतोय, त्यातला ईएसबीएलवाला, म्हणजे सेफिक्झिमसारखी बरीच अँटिबायोटिक्स तोडणारं एन्झाइम बनवणारा, कितीतरी धडधाकट माणसांच्या पोटात गप बसलेला असतोय, ना ताप ना जुलाब, आणि घरातल्या घरात हातानं फिरतोय, म्हणजे शी धुतली, हातावर नुसतं पाणी घेतलं अन् तोच हात भात भरवायला. म्हणून मी उलटं विचारीन, गेल्या वर्षभरात घरातलं कोण ॲडमिट होतं का, आजोबांना लघवीची नळी वगैरे? मुलगी जन्मल्यावर पेटीत होती का? दवाखान्यातला मुक्काम ही मोठी रिस्क. पाळणाघर असलं तर तेही, एकाच मावशीनं सगळ्यांचे डायपर बदलायचे म्हटल्यावर साबणाला वेळ कुठला. आणि पाणी उकळूनच द्या, पुराच्या दिवसात तर गटारीचं अन् प्यायचं पाणी कुठं एक होतंय कळत पण नाही.

आता 'फारशी दिली नाहीत' हे जरा नीट आठवून बघा. मेडिकलमधनं आणून पावडरीत पाणी घालून हलवायचं ते सिरप, त्याला लोक सर्दीचं औषध म्हणतात, पण त्यात बऱ्याचदा सेफिक्झिम हे अँटिबायोटिक असतंय. ते 2014 पासून शेड्यूल एच1 मध्ये आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, तरी मिळतंय. सर्दी व्हायरसची, तिला त्याचा काडीचा उपयोग नाही, पोटातले साधे जंतू मात्र मरतात आणि ईएसबीएलवाला राहतो. उसात तणनाशक मारल्यावर लव्हाळा उरतो ना, तसं. मागच्या दोन-तीन महिन्यांतला असा एखादा कोर्सही पुरतो.

अजून एक, सॅम्पल पिशवी चिकटवून घेतलं होतं का? लहान मुलींत त्या पिशवीत शीचे जंतू सहज उतरतात, मग ताप नाही, लघवीत पस सेल्स (पू-पेशी) नाहीत आणि कल्चर पॉझिटिव्ह, असले रिपोर्ट आमच्याकडं कायम असतात. तसं असेल तर इन्फेक्शन नसून जंतू नुसता अंगावरचा असू शकतो, डॉक्टरांना सॅम्पल कसं घेतलं ते आवर्जून सांगा. ताप असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा.

नुसता पोटात असलेला जंतू घालवायला औषध देत नाहीत, बहुतेकांचा काही महिन्यांत आपोआप कमी होतो. रिपोर्ट फाईलला ठेवा, पुढं कधी ताप आला, ॲडमिट करायची वेळ आली तर पहिल्यांदा तोच दाखवायचा, इंजेक्शन कुठलं लावायचं ते त्यावरनं बदलतं.