कमिशनर म्हणजे नेमके कोण?

ठाण्यात पालिकेचे, पोलिसांचे आणि कोकणचे असे तीन ‘कमिशनर’ कसे, असे आपण विचारले आहे. मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ एवढाच, की ज्याच्यावर एखादे काम अधिकारपत्राने सोपवले आहे अशी व्यक्ती. त्यामुळे काम बदलले की अर्थ बदलतो, आणि मराठीतला ‘आयुक्त’ही त्याच्याबरोबर बदलत जातो. महापालिका आयुक्त १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार पालिकेचा कारभार पाहतात. त्यांना राज्य सरकार नेमते, नगरसेवक निवडून देत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पोलीस आयुक्तांना दंडाधिकाऱ्यांचेही काही अधिकार असल्यामुळे जमावबंदीचा आदेश ते स्वतः काढू शकतात. बेलापूरच्या कोकण भवनात बसणारे विभागीय आयुक्त मात्र महसूल खात्याचे असून मुंबई शहरापासून सिंधुदुर्गापर्यंतच्या सात जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी त्यांच्या अखत्यारीत येतात. प्रतिज्ञापत्रावर शिक्का मारणारे ओथ कमिशनर तर यांपैकी कोणाच्याच रांगेत बसत नाहीत.

आमच्या शेजारच्या काकूंनी तुंबलेल्या गटाराचा अर्ज नुसते ‘मा. आयुक्त साहेब’ असे लिहून भलत्याच कार्यालयात दिला आणि तो परत येईपर्यंत पावसाळा सरला. म्हणून अर्जावर पदाचे पूर्ण नाव आणि कार्यालय अवश्य लिहावे.