परदेशातील इटालियन चित्रप्रदर्शने आणि आपण

प्रश्न : मी फोंड्यातील एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. अलीकडे पणजीत आधुनिक इटालियन चित्रकलेवर व्याख्यान झाले. चित्रे पडद्यावर दाखवली. मूळ चित्र एकही नव्हते. असा प्रसार कलेसाठी होतो की देशाच्या मोठेपणासाठी? आणि त्यातून माझ्या विद्यार्थ्यांना काय मिळणार?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रसारामागे दोन्ही हेतू राहिले आहेत आणि ते वेगळे ओळखता येणे महत्त्वाचे आहे. १९१२ मध्ये फ्युचरिस्ट, म्हणजे वेग आणि यंत्रयुगाचे गुणगान करणाऱ्या इटालियन, चित्रकारांनी पॅरिसला प्रदर्शन भरवले, ते पुढे लंडन-बर्लिनला गेले, तो खटाटोप कलावंतांचा स्वतःचा होता. परंतु १९३० मध्ये कलासमीक्षक मार्गेरिता सार्फात्ती यांनी ‘नोव्हेचेंतो’ या इटालियन चित्रकारांच्या गटाची चित्रे ब्युनोस आयर्सला नेली, तेव्हा त्यांच्याबरोबर मुसोलिनीच्या राजवटीची प्रतिमाही प्रवास करीत होती. म्हणून प्रदर्शन हा काळ झाकते की उघड मांडते, हे मी आधी पाहतो.

या कामाचा मला सर्वांत पटलेला नमुना न्यूयॉर्कचा आहे. लाउरा मात्तिओली यांनी २०१३ मध्ये तेथे ‘सेंटर फॉर इटालियन मॉडर्न आर्ट’ स्थापन केले. एका हंगामात बहुधा एकाच कलावंतावर भर द्यायचा, तरुण अभ्यासकांना शिष्यवृत्ती देऊन त्याच चित्रांच्या सहवासात संशोधन करू द्यायचे आणि येणाऱ्यांना चित्रे त्यांनीच समजावून द्यायची, अशी तेथील रीत होती. २०२४ मध्ये ते केंद्र बंद झाले, याची मला मनापासून हळहळ वाटते.

व्याख्यानाला स्वतःचे मोल आहे. फ्युचरिस्ट शिल्पकार बोच्चोनीचा वेगाने पुढे झेपावणारा पुतळा लंडन-न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ब्राँझमध्ये दिसतो. पण १९१३ मध्ये त्याने तो प्लास्टरमध्ये घडवला होता, ते प्लास्टर आज साओ पाउलोत आहे आणि ब्राँझच्या प्रती १९१६ मधील त्याच्या मृत्यूनंतर ओतल्या गेल्या, ही गोष्ट नुसता पुतळा पाहून कळत नाही.

पडदा फसवतो तो आकारात आणि रंगात. इटलीतील बोलोन्याचा चित्रकार मोरांदी बाटल्यांची चमक घालवण्यासाठी त्यांना आधी मॅट रंग फासायचा आणि मग त्यांची मांडणी करून चित्र काढायचा. त्याची बरीच चित्रे हातभरसुद्धा रुंद नाहीत. प्रोजेक्टरवर मात्र ती भिंतभर होतात आणि त्यांच्यातला संकोची शांतपणा हरवतो. वर्गात चित्र दाखवण्याआधी फळ्यावर त्याच्या खऱ्या मापाची चौकट खडूने आखा, मुलांना तिच्यासमोर उभे करा आणि मगच पडदा लावा. त्यानंतर घरच्या दोन-तीन बाटल्यांना चुना फासून मुलांना त्या खिडकीजवळ मांडायला सांगा. प्रकाश कडेवर कसा थांबतो ते त्यांना स्वतःलाच दिसेल.

एक गोष्ट आपल्या गोव्याविषयी. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात इटालियन फ्युचरिझमचे मोठे प्रदर्शन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तेथेच चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचे प्रदर्शन उघडले, जे पुढे व्हेनिसलाही गेले. गायतोंडे यांचे आईवडील मूळचे गोव्याचे. ते प्रदर्शन कला-अभ्यासक संधिनी पोद्दार यांच्या संशोधनावर उभे होते. पणजीतल्या आयोजकांना गायतोंडे यांच्यावर व्याख्यानमाला ठेवण्याचा आग्रह आपण सर्व कलाशिक्षकांनी मिळून लेखी धरावा. त्या पत्रावर सही करायला मी तयार आहे.